घन किलोमीटरभर काळोखात एक लिंबू

खाली पडलेलं लिंबू उचलून ओट्यावर ठेवायला साधारण अर्धा ज्यूल ऊर्जा लागते. आता एक किलोमीटर लांब, तेवढंच रुंद आणि तेवढंच उंच असं रिकाम्या अवकाशाचं एक खोकं डोळ्यांसमोर आणा. त्यात मुरलेली कृष्णऊर्जा भरते जेमतेम एवढीच, लिंबापुरती. विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी, त्याच्या जमाखर्चात ६८ टक्के वाटा सांगणारी हीच ती.

वजनाच्या भाषेत बोलायचं, तर पृथ्वीएवढ्या जागेतली सगळी कृष्णऊर्जा भरेल ६ मिलिग्रॅम, म्हणजे मोहरीचे दोन-तीन दाणे. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतच्या अख्ख्या गोलातली गोळा केली, तर २.२ अब्ज टन. आकडा दांडगा वाटतो, पण कोयना धरण पाऊण भरलं की त्यात पाणी असतं तेवढंच. आणि त्याच गोलात मध्यभागी सूर्य बसलाय, २ वर २७ शून्यं एवढ्या टनांचा. ग्रहांच्या चालीत कृष्णऊर्जेचा मागमूस लागत नाही तो म्हणूनच.

मग ही किडूकमिडूक वस्तू विश्वाला भारी कशी पडते? कारण विश्व बहुतांशी रिकामं आहे. तारे, ग्रह, वायू, धूळ, तुम्ही-आम्ही सगळं कुटून एकसारखं पसरलं, तर दर चार घनमीटरमागे हायड्रोजनचा एक अणू वाट्याला येतो. तेवढ्याच जागेत न दिसणारं कृष्णद्रव्य पाच अणूंच्या वजनाचं आणि कृष्णऊर्जा चौदा अणूंच्या. वीस रुपयांतला एक रुपया आपला. शाळेत घोकलेलं सगळं रसायनशास्त्र त्या एका रुपयाचं.

शिवाय कृष्णऊर्जा विरळ होत नाही. अंतरं दुप्पट झाली की जागा आठपट होते आणि द्रव्य आठ पटींनी पातळ होतं. कृष्णऊर्जा मात्र, निदान आजवरच्या समजुतीप्रमाणे, दर घनमीटरला होती तेवढीच राहते. जागा वाढली की तीही वाढली, चक्रवाढ व्याजच. सुमारे ६ अब्ज वर्षांपूर्वी, सूर्याचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, पारडं तिच्याकडे झुकलं आणि मंदावत चाललेलं प्रसरण वेग घेऊ लागलं. पुढे साधारण दर १२ अब्ज वर्षांनी अंतरं दुप्पट होत जातील. आपल्याला तत्त्वतः दिसू शकणाऱ्या दर शंभर दीर्घिकांपैकी नव्वदांहून अधिक आजच इतक्या लांब गेल्या आहेत, की त्यांच्याकडून या क्षणी निघालेला प्रकाश इथे कधीच पोहोचणार नाही.

प्रसरण वेग घेतंय हे कळलं १९९८ मध्ये. एक गट सॉल पर्लमटर यांचा, दुसरा ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांचा. दोघेही प्रसरण किती मंदावतंय ते मोजायला निघाले होते. दूरचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा जवळपास पाव हिश्शाने अंधूक निघाले, म्हणजे अधिक दूर. २०११ चं नोबेल या तिघांना मिळालं. (वेग घेणारं विश्व फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांच्या स्थिर विश्वाच्या गणितात १९६० च्या दशकातच होतं. तो सिद्धान्त इतर कारणांनी मागे पडला. पण ही नोंद सहसा कुणी करत नाही, म्हणून इथे केली.)

डोकं खरं गरगरतं ते पुढे. पुंजभौतिकीनुसार निर्वात जागा स्वस्थ नसते, तिला स्वतःची ऊर्जा असते. तीच कृष्णऊर्जा असेल म्हणून ढोबळ हिशेब करायला जावं, तर उत्तर मोजलेल्यापेक्षा १ वर १२० शून्यं इतक्या पटींनी मोठं येतं. ‘लीलावती’तली संख्यांची नावं परार्धापाशी, १ वर १७ शून्यांपाशी, थांबतात. असे सात परार्ध एकमेकांना गुणा आणि वर आणखी दहाने गुणा, तेव्हा कुठे ही चूक भरते. दृश्य विश्वातले सगळे अणू मोजायलासुद्धा ८० शून्यं पुरतात! तेव्हा कोडं कृष्णऊर्जा एवढी जास्त का हे नाही. एवढी कमी का, हे आहे. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये मांडलं, की ती काही शे पटींनी जास्त असती तरी दीर्घिका जमल्या नसत्या आणि प्रश्न विचारायला कुणी उरलं नसतं. युक्तिवाद बिनतोड आहे, पण मला तो पळवाटच वाटतो.

आता व्याजाच्या दरावरच शंका आली आहे. अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवरच्या ‘डेसी’ या उपकरणाने सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार यांच्या नोंदी तपासल्या. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत कृष्णऊर्जा हळूहळू क्षीण होत असल्याची चिन्हं आहेत. इतर मोजमापांशी जोडून पाहिलं तर खात्री, संख्याशास्त्राच्या मापात, २.८ ते ४.२ सिग्मा; शोध म्हणायला ५ लागतात. दुर्बिणीच्या तोंडाशी पाच हजार छोटे यंत्रमानव आहेत, प्रत्येकाच्या हाती केसाएवढा एक काचतंतू. वीसेक मिनिटं ते एकेका दीर्घिकेवर टोक धरून उभे राहतात, मग सगळे एकदम वळतात आणि पुढच्या पाच हजार धरतात.