दुपारचं पाणी

लेखमाला : परजीवींचं जग – भाग ७

गेल्या आठवड्यात आपण नारूची गोष्ट संपवली. नायजेरियात नारूचा शेवटचा रुग्ण २००८ मध्ये सापडला आणि २०१३ मध्ये देश नारूमुक्त ठरला. आपल्याला हे प्रमाणपत्र २००० सालीच मिळालं होतं. पण त्याच डबक्यांमधला दुसरा एक कृमी उत्तर नायजेरियात आणि शेजारच्या नायजर देशात अजून ठाण मांडून आहे. नारू पिण्याच्या पाण्यातून पोटात जायचा, त्यामुळे पाणी फडक्यानं गाळून प्यायलं की त्याची वाट बंद व्हायची. हा कृमी थेट कातडीतून शिरतो. भात लावताना, कपडे धुताना, डुंबताना, नमाजाआधी तळ्यावर हातपाय धुताना. घरी उकळलेलं पाणी पिणाराही त्याच्या तावडीतून सुटत नाही.

रोगाचं नाव शिस्टोसोमियासिस. जुन्या पुस्तकांत तो बिलहार्झिया म्हणून भेटतो, कारण थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरला १८५१ मध्ये कैरोत शवविच्छेदन करताना हा कृमी सापडला. कानो, कात्सिना, सोकोतो या नायजेरियातल्या आणि मारादी, झिंदर या नायजरमधल्या पट्ट्यात हौसा भाषा बोलली जाते. तिथली माणसं त्याला ‘त्सागिया’ म्हणतात. या कृमीच्या अनेक जातींपैकी मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये राहणारी शिस्टोसोमा हिमॅटोबियम ही जात या पट्ट्यात मुख्य आहे.

हौसा खेड्यातली घरं मातीची. भिंतींसाठी माती लागते, ती गावाच्या कडेलाच खणतात आणि मागे मोठा खड्डा राहतो. असे खड्डे म्हणजे ‘कुदुद्दुफी’. जूनपासून पाऊस लागला की ते भरतात आणि गावाचं तळं होऊन बसतात. त्यात गुरं पाणी पितात, पोरं पोहतात, पुढच्या विटांसाठी चिखलही तिथलाच तुडवतात. काठाच्या गवताला आणि पाण्यातल्या पानांच्या खालच्या बाजूला नखाएवढ्या गोगलगाई चिकटलेल्या असतात. त्या बुलायनस वंशातल्या. हिवाळ्यात सहाराकडून कोरडा, धुळीचा हरमॅटन वारा सुटतो आणि खड्डे आटतात. तेव्हा यांतल्या काही गोगलगाई सुकल्या चिखलात महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा हलू लागतात. खड्डा आटला म्हणजे रोगही आटला, असं म्हणायची सोय नाही.

आता या रोगाचं वेळापत्रक बघा. बाधित माणसाच्या लघवीतून कृमीची अंडी बाहेर पडतात, आणि सर्वांत जास्त पडतात ती सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान. गोड्या पाण्यात अंडं फुटून सूक्ष्म अळी निघते. तिला काही तासांतच गोगलगाय गाठावी लागते, नाहीतर ती मरते. गोगलगाय सापडली, तर आत चार-सहा आठवडे तिची वाढ होत राहते आणि एका अळीच्या हजारो अळ्या होतात. या नव्या अळ्यांची शेपटी टोकाला दुभंगलेली असते. ऊन चढलं की त्या गोगलगाईतून पाण्यात सुटतात, आणि भर दुपारी त्यांची संख्या सर्वाधिक असते. उन्हानं तापलेली पोरं पाण्यात उड्या मारतात तीही दुपारीच. माणसाच्या सवयींशी इतकं घड्याळ जुळवून घेतलेला दुसरा परजीवी मला तरी चटकन आठवत नाही.

कातडीतून आत जायला अळीला काही मिनिटं पुरतात. शेपटी बाहेरच गळते. मग रक्तातून फुप्फुसं, तिथून यकृत असा प्रवास. यकृतात नर-मादीची जोडी जमते. नराच्या अंगाला लांबट घडी असते, तिच्यात मादी कायमची राहते. ही जोडी मूत्राशयाच्या शिरांत बिऱ्हाड करते आणि वर्षानुवर्षं अंडी घालते. प्रत्येक अंड्याच्या टोकाला काटा असतो. निम्मी अंडी लघवीतून बाहेर जातात. उरलेली मूत्राशयाच्या भिंतीत अडकून पडतात. त्रास देतात ती ही अडकलेली अंडी. शरीर त्यांच्याभोवती गाठी बांधतं, भिंत जाड होते, पुढे तिच्यात चुना साठतो, मूत्रपिंडांवर दाब येतो आणि काहींना मूत्राशयाचा कर्करोग होतो. मुलींच्या आणि बायकांच्या जननमार्गातही ही अंडी रुततात. त्या जखमा लैंगिक संसर्ग समजून भलतेच उपचार होतात, आणि बाई नाहक संशयाची धनी होते.

पहिली खूण म्हणजे लघवीच्या शेवटी येणारं रक्त. गावातल्या बहुतेक मुलग्यांना ते येत असेल तर घाबरायचं कशाला? अनेक ठिकाणी लाल लघवी ही पोरगा वयात आल्याची खूण मानली गेली. याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे, पण माझ्या मते ते अन्यायाचं आहे. बरोबरीच्या सगळ्यांना जे होतं ते निसर्गाचंच वाटणार. गंमत म्हणजे संशोधकांनी या उघडपणाचाच उपयोग केला. आफ्रिकेतल्या कितीतरी शाळांत शिक्षकांनी साधी प्रश्नावली वाचून दाखवली : गेल्या महिन्यात ताप आला का, खोकला झाला का, लघवी लाल झाली का? मुलग्यांच्या उत्तरांवरून कुठली शाळा किती बाधित आहे याचा अंदाज येई. मुली मात्र सांगायला लाजत.

रोग पसरायला विकासाचाही हातभार लागला. कानोच्या दक्षिणेला टिगा धरण १९७४ मध्ये पूर्ण झालं, सोकोतोकडे बाकोलोरी त्यानंतर काही वर्षांनी. कालव्यांवर कोरड्या ऋतूतही टोमॅटो, कांदा, भात, गहू पिकू लागला. शेतकऱ्याचं भलं झालं, यात वाद नाही. पण जिथं पाणी चार महिने असायचं तिथं बारमाही झालं, कडेला गवत माजलं आणि गोगलगाईंनाही बारमाही घर मिळालं. ‘पाण्यात उतरू नका’ असे फलक लावणाऱ्यांनी शेतकऱ्यानं पाट कसा फोडायचा तेही सांगायला हवं होतं.

औषध आहे, चांगलं आहे आणि स्वस्तही आहे. प्राझिक्वाँटेलच्या गोळ्या एकदाच घ्यायच्या. वजनकाटा लागत नाही : मुलाला खुणा केलेल्या काठीपाशी उभं करायचं, डोकं ज्या खुणेला लागेल तेवढ्या गोळ्या द्यायच्या. मर्क ही जर्मन कंपनी जागतिक आरोग्य संघटनेमार्फत वर्षाला २५ कोटींपर्यंत गोळ्या फुकट देते. अडचण दुहेरी आहे. गोळी मोठे कृमी मारते, नुकत्याच शिरलेल्या पिल्लांवर तिचा फारसा असर होत नाही. आणि औषध घेतलेलं पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खड्ड्यात उतरतं. शिवाय मोहिमा वर्षानुवर्षं शाळांमधून चालल्या. हौसा मुलखात मदरशात राहून कुराण शिकणारी आलमाजिरी मुलं सरकारी शाळेच्या पटावर नसतात, आणि आंघोळ-कपडे मात्र उघड्या पाण्यावरच उरकतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं धोरण बदललं. दहा टक्के किंवा त्याहून अधिक लागण असलेल्या गावात आता दोन वर्षांपुढच्या सगळ्यांनाच औषध द्यायचं आहे. निर्णय योग्य, पण उशिरा. आणि संडास, नळ, धुण्याचे ओटे यांच्यावर खर्च होत नाही तोवर दरवर्षी काठी घेऊन गावात जावंच लागणार.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा उघडा. गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात याच प्रकारच्या रोगाचं केंद्र असल्याचं गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलं. तिथं बुलायनस नव्हती, फेरिसिया नावाच्या वेगळ्याच गोगलगाईकडे बोट दाखवलं गेलं. भारतात हा रोग हातपाय पसरू शकला नाही.

तरीही वाचकांपैकी कुणी आफ्रिकेत नोकरीला किंवा सफारीला गेला असेल, तिथल्या तळ्यात-नदीत उतरला असेल आणि काही महिन्यांनी लघवीत रक्त दिसलं, तर ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून सब्जाचं पाणी पीत बसू नका. डॉक्टरांना प्रवासाचं आवर्जून सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. तपासणीसाठी लघवी द्यायची ती पहाटेची नको, दुपारची द्या.