घरचा स्टुडिओ आणि वायरींचा गुंता

गायिका माइकसमोर उभी आहे. तंबोरा जुळला आहे, स्वरही लागला आहे. एवढ्यात संगीतकाराच्या लक्षात येते की, या गाण्यासाठी दुसरा प्रीअँप लावायला हवा. तो टेबलाखाली शिरतो, तोंडात टॉर्च धरतो आणि यंत्रांच्या मागच्या बाजूला चाचपडू लागतो. एक वायर निघते, तिच्याबरोबर दुसरीही निखळते. दहा मिनिटांनी सगळे पुन्हा जागेवर येते खरे, पण स्पीकरमधून खरखर ऐकू येते. तोवर गायिकेचा आवाज थंड झालेला असतो आणि मूडही गेलेला असतो.

हे दृश्य आता अनेक घरांत दिसते. पूर्वी ध्वनिमुद्रण म्हणजे मोठ्या स्टुडिओचे काम होते. आज संगणक आणि ऑडिओ इंटरफेसच्या जोरावर सदनिकेतल्या एका खोलीत जाहिरातींच्या धून बनतात, भजनांचे अल्बम तयार होतात, आजीच्या जात्यावरच्या ओव्याही जतन होतात. यंत्रे वाढतात तशा वायरीही वाढतात आणि मग घरातल्यांची कुरकुर सुरू होते. लहान मूल त्यात पाय अडकून पडेल की काय, ही धास्ती वेगळीच.

या गुंत्यावर एक साधा, जुना आणि खात्रीचा उपाय आहे. त्याचे नाव पॅचबे.

टेलिफोनचा वारसा

ट्रंककॉलचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पॅचबे समजायला एक मिनिटही लागणार नाही. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरसमोर भोकाभोकांची मोठी फळी असे. कोणाला कोणाशी बोलायचे आहे हे विचारून ती एका भोकातली दोरी दुसऱ्यात खोचून देई. असे पहिले व्यापारी एक्स्चेंज १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे सुरू झाले. १८८२ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथेही एक्स्चेंज आली. गिटारला किंवा कीबोर्डला आज जो पाव इंची जॅक लावतात, त्याचे मूळ या टेलिफोनच्या फळीतच आहे. पुढे रेडिओ केंद्रांनी आणि ध्वनिमुद्रण स्टुडिओंनी हीच पद्धत उचलली.

पॅचबे म्हणजे १९ इंच रुंद आणि पावणेदोन इंच उंच अशी एक पट्टी. तिच्या पुढच्या बाजूस सॉकेटच्या दोन ओळी असतात आणि मागच्या बाजूसही तेवढीच सॉकेट असतात. सगळ्या यंत्रांच्या वायरी एकदाच मागे जोडून टाकायच्या. त्यानंतर यंत्रांच्या पाठीमागे हात घालण्याची गरजच उरत नाही. पुढच्या बाजूने छोट्या पॅच कॉर्डने हवे ते यंत्र हव्या त्या यंत्राशी जोडता येते. महागड्या इंटरफेसची सॉकेट सतत वायरी काढून-घालून सैल होतात, तीही त्यामुळे वाचतात.

आधी गरज तपासा

पॅचबे प्रत्येकालाच हवा, असे मुळीच नाही. एक माइक, एक हार्मोनियम आणि दोन इनपुटचा इंटरफेस एवढाच संसार असेल तर हा खर्च व्यर्थ आहे. तेच पैसे चांगल्या माइकसाठी ठेवावेत. मात्र दोन-तीन प्रीअँप, एकदोन कीबोर्ड, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब असा पसारा झाला असेल आणि आठवड्यातून दोनदा वायरी बदलाव्या लागत असतील, तर पॅचबे घेण्याची वेळ आली आहे असे समजावे.

खर्चाचा अंदाज घेताना बहुतेकांची एक चूक होते. ते फक्त पट्टीची किंमत पाहतात. वास्तविक प्रत्येक जोडणीसाठी मागे एक वायर लागते आणि पुढे पॅच कॉर्डही लागतात. कित्येकदा वायरींचाच खर्च पट्टीपेक्षा जास्त होतो. म्हणून आधी वायरी मोजा, मग दुकानात जा.

कोणता घ्यावा?

घरगुती स्टुडिओसाठी पाव इंची जॅकचा, ४८ सॉकेटचा पॅचबे पुरेसा होतो. त्यात वर २४ आणि खाली २४ सॉकेट असतात. मोठ्या स्टुडिओत बारीक जॅकचे ९६ सॉकेटचे पॅचबे वापरतात. ते जागा वाचवतात, पण त्यांच्या कॉर्ड महाग पडतात आणि मागे अनेकदा सोल्डरिंग करावे लागते.

पॅचबे बॅलन्स्ड असावा. वायरीही शक्यतो तशाच घ्याव्यात. ओळखायची खूण सोपी आहे. ज्या जॅकच्या टोकाजवळ दोन काळी वलये असतात ती बॅलन्स्ड, एकच वलय असेल तर साधी. लांब वायरीत बाहेरची गुणगुण शिरू नये म्हणून बॅलन्स्ड वायर उपयोगी पडते, अर्थात दोन्ही बाजूंची यंत्रेही तशी असली तरच.

नॉर्मल, हाफ नॉर्मल आणि ओपन

दुकानदार हे शब्द उच्चारतो आणि नवखा माणूस गोंधळतो. प्रत्यक्षात गोष्ट सोपी आहे. वरच्या ओळीत यंत्रांचे आउटपुट आणि खालच्या ओळीत इनपुट, असा सर्वमान्य प्रघात आहे.

नॉर्मल जोडणीत पुढे एकही कॉर्ड नसताना वरचा आवाज आतल्या आत खालच्या सॉकेटकडे जातो. वर किंवा खाली कुठेही कॉर्ड खोचली की ही वाट तुटते.

हाफ नॉर्मलमध्ये खाली कॉर्ड खोचली तरच वाट तुटते. वर खोचली तर मूळ वाट चालूच राहते आणि त्याच आवाजाची एक प्रत कॉर्डमधून दुसरीकडे नेता येते. घरच्या कामाला हीच जोडणी सर्वांत सोयीची.

ओपन जोडणीत वरच्या आणि खालच्या सॉकेटचा आपापसांत काहीही संबंध नसतो. कॉर्ड लावली तरच आवाज जातो.

काही पॅचबेवर हे बदलण्यासाठी छोटी बटणे असतात, तर काहींत आतले कार्ड उलटे करून लावावे लागते. वारंवार बदल करणार असाल तर बटणांचा घ्यावा.

एक लक्षात ठेवा, एक आउटपुट दोन ठिकाणी नेलेला चालतो, पण दोन आउटपुट एकाच इनपुटमध्ये कोंबू नयेत. त्यासाठी मिक्सर असतो.

मांडणी कागदावर करा

पट्टी घरी आणताच जोडायला बसू नका. आधी वहीचे एक पान घ्या. समजा, इंटरफेसला आठ इनपुट आहेत. चार प्रीअँप आणि दोन स्टिरिओ कीबोर्ड मिळून आठ आउटपुट झाले. ते वरच्या ओळीत १ ते ८ वर येतील आणि त्यांच्याच खाली इंटरफेसचे आठ इनपुट. हे सगळे हाफ नॉर्मल. म्हणजे रोजच्या कामाला एकही कॉर्ड लागणार नाही.

९ ते १२ वर इंटरफेसचे चार आउटपुट आणि त्यांच्याखाली दोन चॅनलच्या कॉम्प्रेसरचे व स्टिरिओ रिव्हर्बचे इनपुट. हेही हाफ नॉर्मल. मग १३ ते १६ वर या दोन यंत्रांचे आउटपुट, खालची जागा रिकामी. ही चार सॉकेट ओपन ठेवा. हिशेब केला तर मागे २८ वायरी लागतात आणि पुढच्या खरेदीसाठी आठ जोड्या शिल्लक राहतात.

नवखे लोक इथे एक हमखास चूक करतात. कॉम्प्रेसरचा आउटपुट वर आणि त्याच कॉम्प्रेसरचा इनपुट बरोबर खाली लावतात. जोडणी हाफ नॉर्मल राहिली असेल तर यंत्राचा आवाज त्याच्याच तोंडात परत जातो आणि स्पीकर किंचाळू लागतो. अशी जोडी ठेवायचीच असेल तर ती ओपनच असावी.

मागच्या प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी लावा. पुढच्या बाजूसही नावे लिहून चिकटवा. आज सगळे आठवते, सहा महिन्यांनी काहीच आठवत नाही! विजेच्या वायरी आवाजाच्या वायरींपासून दूर ठेवा, एकमेकींना ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडू द्या.

हे मात्र टाळा

माइक पॅचबेवर आणू नका. कंडेन्सर माइकला प्रीअँपमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा जातो. जॅक आत सरकताना त्याची टोके क्षणभर एकमेकींना टेकतात आणि यंत्र बिघडू शकते. माइक सरळ प्रीअँपलाच जोडावा.

अँप्लिफायरकडून स्पीकरकडे जाणारी वायर, तसेच डिजिटल वायरी यांनाही इथे जागा नाही. कॉर्ड बदलण्यापूर्वी स्पीकरचा आवाज कमी करा, म्हणजे कान आणि स्पीकर दोन्ही वाचतील.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट घराच्या सुरक्षिततेची आहे. स्पीकरमधून गुणगुण येत असेल तर काही जण यंत्राच्या तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. असे कदापि करू नका. गुणगुण थांबेलही, पण यंत्रात बिघाड होऊन त्याच्या पत्र्यात वीज उतरली तर जीव जाऊ शकतो. सगळी यंत्रे एकाच चांगल्या अर्थिंगच्या बोर्डावर लावून पाहा. तरीही गुणगुण राहिली तर जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पावसाळ्यात काळजी

मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत सॉकेटच्या आतले धातूचे पाते काळवंडते आणि आवाज मधूनच गायब होतो. विशेष म्हणजे, ज्या सॉकेटला कधी हात लागत नाही, तिथेच हा दोष जास्त आढळतो. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक सॉकेटमध्ये स्वच्छ प्लग दोन-तीनदा घालून काढावा. वायरी काढून ठेवताना दोरी ओढू नका, प्लग धरूनच ओढा.

एखादा रविवार यात खर्ची पडेल, हे खरे. पण त्यानंतर टेबलाखाली शिरण्याची वेळ क्वचितच येईल. फरशी मोकळी होईल, घरातली कुरकुर थांबेल. आजी ओवी म्हणायला बसेल तेव्हा तिला ‘थांब, वायर शोधतो’ असे सांगावे लागणार नाही. यंत्र पुन्हा लावता येते, पण लागलेला स्वर पुन्हा तसाच लागेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही.