हे अंगात येणे नव्हे, हा मेंदूचा आजार!

आमच्या वस्त्यांमधून एखादे मूल सारखे डोळे मिचकावू लागले, मानेला हिसका देऊ लागले, मधूनच घशातून विचित्र आवाज काढू लागले, की पहिल्यांदा त्याला मार बसतो. "मुद्दाम करतो," असे घरचे म्हणतात आणि शाळेतले गुरुजीही म्हणतात. माराने थांबले नाही की कोणीतरी शेजारीण देवऋषाचा पत्ता सांगते. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर आणि पोराच्या दंडाला गंडा, असे घर आम्ही पाहिले आहे. दुसरे टोकही पाहिले आहे. "मेंदूत मशीन बसवतात म्हणे," असे कोठून तरी ऐकून एका कुटुंबाने दहा वर्षांच्या मुलासाठी गावाकडची जमीन विकण्याची बोलणी सुरू केली होती. म्हणून या मशीनविषयी आपल्या बंधु-भगिनींना नीट माहिती असावी, असे आम्हाला वाटते.

या नकळत होणाऱ्या हालचालींना आणि आवाजांना डॉक्टर 'टिक' म्हणतात. हालचालींच्या अनेक टिक व आवाजाची निदान एक टिक अठराव्या वर्षाआधी सुरू झाली आणि वर्षाहून अधिक काळ राहिली, तर त्याला टूरेटचा आजार म्हणतात. जिल द ला टूरेट या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ साली अशा नऊ रुग्णांची हकीकत लिहिली, त्यांचेच नाव आजाराला मिळाले. राणी मुखर्जी यांचा २०१८ सालचा 'हिचकी' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना यातील शिक्षिका आठवेल. काहींच्या तोंडून नको ते शब्दही निघतात, पण असे रुग्ण थोडेच. टिक थोडा वेळ दाबून धरता येते, जशी शिंक दाबता येते. लोकांना 'मुद्दाम करतो' असे वाटते ते यामुळेच. पण दाबलेली शिंक कधीतरी येणारच!

कारणावाचून कार्य नाही, ही तथागतांची शिकवण. या आजाराचे कारण मेंदूच्या खोल भागात आहे. हालचाल करू द्यायची की थांबवायची, हे ठरविणारी केंद्रे तेथे आहेत. त्यांचा आणि मेंदूच्या पुढच्या भागाचा ताळमेळ बिघडतो. आजाराचा कल पुष्कळदा घराण्यात चालत येतो. यात भूत कोठे बसते, ते देवऋषालाच विचारावे.

आता त्या दहा वर्षांच्या मुलाचे. टिक साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात सुरू होतात, दहा-बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत जोरात असतात आणि तारुण्यात बहुतेकांच्या पुष्कळ कमी होतात. म्हणजे ज्या वयात आईबाप घाबरून जमीन विकायला निघतात, ते वय आजाराच्या भरतीचे असते. अशा मुलाला आधी लागते ती समजूत, नंतर टिक येण्याआधीची सुरसुरी ओळखून तिच्या उलट हालचाल करण्याचे शिक्षण, आणि गरज पडली तर औषध. अमेरिकेत १२६ मुलांवर झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या शिक्षणाने निम्म्याहून जास्त मुलांना गुण आला. त्यात चाकू नाही, की तार नाही.

परंतु थोडे रुग्ण असे असतात की मोठेपणीही त्यांच्या टिक हटत नाहीत. मानेच्या हिसक्यांनी मणक्यातील मज्जारज्जूला इजा होते, स्वतःच्याच हाताचे ठोसे बसून डोळा जाण्याची वेळ येते. औषधे थकतात. मशीन आहे ते अशांसाठी.

फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद यांनी १९८७ पासून कंपावर ही पद्धत रूढ केली. टूरेटच्या रुग्णावर ती वापरल्याचा पहिला वृत्तांत १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉ. वँडेवाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ४२ वर्षांच्या पुरुषाच्या मेंदूतील थॅलॅमस या भागात तारा बसविल्या होत्या. पाच वर्षांनंतरही त्याच्या मोठ्या टिक गेलेल्याच होत्या. पूर्वी हाच भाग जाळून नष्ट करीत, तो कायमचा जाई. येथे तसे नाही. कवटीला लहान छिद्रे पाडून बारीक तारा आत सोडतात, त्या कातडीखालून छातीपर्यंत आणतात आणि गळपट्टीच्या हाडाखाली बसविलेल्या छोट्या यंत्राला जोडतात. यंत्र सेकंदाला शंभराहून अधिक वेळा विजेचा सूक्ष्म ठोका देते. तो वाढविता येतो, कमी करता येतो, बंदही करता येतो. योग्य मात्रा सापडायला मात्र महिनोन् महिने फेऱ्या माराव्या लागतात.

फायदा किती? दहा देशांतील १८५ रुग्णांची नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात टिकची तीव्रता सरासरी ४५ टक्के उतरली होती. उतरली, संपली नव्हती. सुमारे तिघांत एकाला काही ना काही त्रास झाला. कोणाला मुंग्या आल्या, कोणाची जीभ जड झाली. मेंदूत रक्तस्राव आणि जंतुसंसर्गही झाला, पण फार थोड्यांना. टूरेटसाठी हा उपचार अजून प्रायोगिकच मानला जातो.

कंपवातासाठी ही शस्त्रक्रिया मुंबई, बंगळूर, तिरुवनंतपुरम येथे होते. खर्च लाखांत जातो. साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, म्हणजे पुन्हा छोटी शस्त्रक्रिया आणि पुन्हा पैसा. हे हातावर पोट असलेल्या घराने आधीच विचारून घ्यावे. ज्याला औषध आणि शिक्षण दोन्ही नीट देऊन पाहिलेले नाही, त्याला कोणी थेट ऑपरेशन सुचविले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. मज्जाविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी मिळून रुग्ण पाहावा, अशी या उपचाराची रीत आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात मुलाला घेऊन जाण्यात कसलीही लाज नाही, तेथे केसपेपर थोडक्या पैशांत निघतो.

आणि देवऋषाकडे नेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे. भूत उतरविण्याच्या नावाखाली कोणाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.