२७ पॉइंटांचा जादूगार

एकाला आकाशातून आग पाडता येते आणि दुसऱ्याच्या हातात नुसती तलवार आहे. गोष्टीत हे चालून जातं. पण ही दोन्ही पात्रं चालवणारी माणसं एकाच टेबलाभोवती, चहाचे कप घेऊन बसलेली असतील तर? तलवारवाल्याने पुढचे चार तास काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? पन्नास वर्षं झाली, रोलप्लेइंग खेळ रचणारे लोक या एका प्रश्नावर डोकं लढवताहेत. त्यांनी शोधलेली उत्तरं बघत गेलं की मला तरी जादूपेक्षा जादूला लगाम घालणारे नियमच जास्त जादूई वाटू लागतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत १९७४ साली बाजारात आला. त्यात प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, डन्जन मास्टर (त्याला सगळे डीएमच म्हणतात) प्रसंग सांगतो, आणि ठरवलेलं जमलं की फसलं याचा निकाल फासे देतात. जादूची कल्पना गायगॅक्सने जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’मधून उचलली. व्हान्सच्या जगात मंत्र इतके जड असतात की भल्याभल्या जादूगाराच्या डोक्यात एका वेळी मोजकेच मावतात. आणि मंत्र म्हटला की तो आठवणीतून पुसला जातो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा पोथी उघडायची.

महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला यात फारसं परकं काही वाटणार नाही. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राने कर्णाला शक्ती दिली ती एकदाच वापरण्यापुरती. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली आणि चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचावर खर्ची घातली. सगळा पांडवपक्ष रडत असताना कृष्णाला आनंद झाला, कारण त्याने हिशेब केला होता. टेबलावरचा मुरलेला डीएम नेमका हाच हिशेब करत असतो: जादूगाराचा मोठा मंत्र छोट्या शत्रूवर कसा खर्च करवून घ्यायचा.

या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) मंत्र टाकायला ‘स्लॉट’ लागतात. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, दिवसाला पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्या पातळीचे ३ आणि तिसऱ्या पातळीचे २ स्लॉट असतात. फायरबॉल हा सगळ्यांचा लाडका मंत्र तिसऱ्या पातळीचा आहे. सहा बाजूंचे ८ फासे टाकायचे, सरासरी २८ इजा, तीही २० फूट त्रिज्येत सापडेल त्याला. म्हणजे या स्लॉटांवर दोन फायरबॉल. संपले की झोपायचं आणि सकाळी पुन्हा सुरुवात करायची.

हे कप्पे अनेकांना जाचतात. त्यांच्यासाठी त्याच २०१४च्या आवृत्तीच्या डीएमच्या पुस्तकात एक पर्याय दिला आहे: स्लॉट सोडा, पॉइंट घ्या. पहिल्या पातळीच्या मंत्राला २ पॉइंट, दुसऱ्या पातळीच्या ३, तिसऱ्या पातळीच्या ५. पाचव्या लेव्हलच्या विझर्डला एकूण २७ पॉइंट मिळतात. आता कागद घेऊन बेरीज करा. चार दुणे आठ, तीन त्रिक नऊ, दोन पंचे दहा. बरोबर २७. विसाव्या लेव्हलपर्यंत जा, पॉइंट १३३ होतात, आणि तिथल्या सगळ्या स्लॉटांची बेरीजही १३३ येते. एका पैचा फरक नाही. हे पहिल्यांदा पाहिल्यावर वाटतं, वा, तराजू अगदी समतोल!

पण २७ भागिले ५ करून बघा. पाच फायरबॉल, आणि वर एका छोट्या मंत्रापुरते २ पॉइंट शिल्लक. ओगर नावाच्या धिप्पाड राक्षसाचे हिट पॉइंट (म्हणजे तो किती इजा सोसू शकतो तो आकडा) या आवृत्तीत सरासरी ५९ असतात. स्लॉटवाल्या विझर्डने दोन्ही फायरबॉल टाकले आणि ओगरला एकही चुकवता आला नाही, तरी सरासरी इजा होते ५६. ओगर तीन हिट पॉइंटांवर उभाच असतो, आणि मग तलवारवाला पुढे सरसावतो. पॉइंटवाला विझर्ड मात्र तिसरा फायरबॉल टाकतो, आणि त्यानंतरही त्याच्याकडे दोन उरतात. तलवारवाला फोन चाळायला लागतो.

बेरीज तीच राहूनही खेळ का बिघडतो? मेसची कुपनं आठवा. जेवणाच्या कुपनावर चहा मिळेल, पण चहाच्या चार कुपनांवर कोणी ताट वाढणार नाही. स्लॉटांचंही तसंच: वरच्या कप्प्यात खालचा मंत्र टाकता येतो, उलटं चालत नाही. पॉइंट म्हणजे रोख रक्कम, आणि हातात रोख आली की माणूस सगळी आपल्या आवडत्या पदार्थावर उडवतो. नियम लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणूनच सहाव्या आणि त्यापुढच्या पातळीचा मंत्र पॉइंटांवर दिवसाला प्रत्येकी एकदाच टाकता येईल, असं कुंपण त्यांनी घातलं. तिसरी पातळी मात्र त्या कुंपणाबाहेर राहिली, आणि फायरबॉल नेमका तिथेच आहे.

पण स्लॉट तरी समतोल आहेत का? त्यांचा सगळा तोल झोपेवर टांगलेला आहे. २०१४च्या नियमांनी गृहीत धरलं होतं की साहसाच्या एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी होतील. प्रत्यक्षात बहुतेक टेबलांवर काय होतं? एक मोठी लढाई होते, विझर्ड सगळं उधळतो आणि म्हणतो, “चला, आता मुक्काम करू.” खेळाडूंमध्ये याला पंधरा मिनिटांचा दिवस म्हणतात. याच आवृत्तीतल्या वॉरलॉक या दुसऱ्या तऱ्हेच्या जादूगाराकडे पाचव्या लेव्हलला दोनच स्लॉट असतात, पण तासाभराच्या विश्रांतीत ते परत भरतात. लढायांच्या मधे तास-तास थांबणाऱ्या टोळीत त्याची चैन असते, सलग लढत सुटणाऱ्या टोळीत तो हात चोळत बसतो. जादूचं खरं चलन इथे वेळ आहे, आणि घड्याळ डीएमच्या हातात.

इतर खेळांनी चलनच बदलून टाकलं. केन सेंट आंद्रेच्या ‘टनल्स अँड ट्रोल्स’मध्ये (१९७५) मंत्राची किंमत अंगातल्या ताकदीतून वळती होते. ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये (१९८१) अनेक मंत्र मनाचा तोल खातात: जिंकत जिंकत तुमचं पात्र वेडं होत जातं.

मला सगळ्यात थरारक वाटते ती ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’च्या दुसऱ्या आवृत्तीतली तऱ्हा. तिथे मंत्र टाकताना दहा बाजूंचे फासे टाकायचे. बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली की मंत्र लागला. पण दोन फाशांवर सारखा आकडा आला की काहीतरी विपरीत घडतं: आसपासचं दूध नासतं, नाकातून रक्त येतं. तीन सारखे आले तर संकट मोठं, चार सारखे आले तर अनर्थ. आता हिशेब बघा. दोन फासे टाकले तर आकडा जुळण्याची शक्यता १० टक्के, तीन टाकले तर २८, चार टाकले तर जवळजवळ ५०. फासे दुप्पट झाले आणि धोका पाचपट. जादूगार जितका थोर, तितके त्याचे फासे जास्त, तितका तो शेजाऱ्यांना धोकादायक. इथे त्याला कोणी दिवसाचा कोटा ठरवून दिलेला नाही. त्याची भीतीच त्याला आवरते, आणि तलवारवाला प्रत्येक मंत्राला श्वास रोखून बसतो. मघाचा फोन आता कोणी हातात घेत नाही.

‘मेज: द असेन्शन’ने (१९९३) याहून विलक्षण खेळी केली. तिथे जादूला लगाम आहे तो सामान्य माणसांच्या अविश्वासाचा. भर चौकात हातातून आग काढलीत तर वास्तवच तुमच्यावर उलटतं. त्याला पॅराडॉक्स म्हणतात, आणि बघे असतील तर तो आणखी भडकतो. तीच आग गॅसची पाइप फुटून लागल्यासारखी दिसली तर वास्तव काणाडोळा करतं. म्हणून त्या खेळातले जादूगार आपोआप थापा रचण्यात पटाईत होतात. नियमाच्या एका कलमातून एक आख्खा स्वभाव जन्माला आला.

‘आर्स मॅजिका’ (१९८७) तर समतोलाच्या वाटेलाच जात नाही. पाच क्रिया आणि दहा विषय, सगळ्यांना लॅटिन नावं, त्यांच्या ५० जोड्या. ‘क्रेओ इग्नेम’ म्हणजे मी आग निर्माण करतो. ‘पेर्दो इमागिनेम’ म्हणजे मी प्रतिमा नष्ट करतो, थोडक्यात अदृश्य होतो. या खेळातले जादूगार इतरांपेक्षा उघडउघड भारी आहेत आणि पुस्तक ते लपवत नाही. उपाय टेबलावर केला आहे: प्रत्येकाकडे एक जादूगार असतो, आणि तो आज मठात अभ्यास करत बसला असेल तर त्याचा खेळाडू साध्या शिपायाची भूमिका घेतो. पुढच्या साहसात पाळी बदलते. पात्रं असमान, माणसं समान. मला विचाराल तर सगळ्यांत शहाणं उत्तर हेच आहे, पण त्यासाठी टोळी समजूतदार लागते.

तुमच्या टेबलावर नवी पद्धत आणायची असेल तर पॉइंटांपासूनच सुरुवात करा. मात्र तिसऱ्या पातळीचे मंत्र दिवसाला किती वेळा टाकता येतील ते आधी ठरवून घ्या. पहिल्या बैठकीत मुक्कामाआधी निदान चार चकमकी ठेवा. आणि बैठक संपल्यावर पद्धत कशी वाटली हे विझर्डला विचारू नका, तलवारवाल्याला विचारा.