जालन्याचे उद्योग आणि बाह्य परिस्थिती

१९६४ साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली, तेव्हापासून तिचे भवितव्य केवळ संचालकांच्या कर्तृत्वावर अवलंबून राहिले नाही. कारण १९६६ चा बियाणे कायदा, २००२ साली बीटी कापसाला मिळालेली केंद्राची मंजुरी आणि २०१५ चा कापूस बियाण्यांच्या किंमत-नियंत्रणाचा हुकूम, या सरकारदरबारी घडलेल्या गोष्टींनी या व्यवसायाचे क्षेत्र कधी विस्तारले, तर कधी त्याला मर्यादा घातल्या. पर्जन्याची सत्ता, माझ्या मते, याहूनही प्रबळ: २०१२-१३ च्या अवर्षणात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागाच वाळल्या, तेथे बियाण्याचा ग्राहक कोठून येणार? जालन्यातीलच पोलाद कारखान्यांना वीजदर आणि भंगाराचा भाव तितकेच निर्णायक. उद्योग आरंभू इच्छिणाऱ्या तरुणांनी जमाखर्चाच्या वहीइतक्याच आस्थेने राजपत्र आणि पर्जन्यमानाचे तक्तेही वाचावेत.