मेंढीच्या कातड्यातली स्कायलाइन

निस्सान स्कायलाइन २००० जीटी-आर ही फेब्रुवारी १९६९ मध्ये जपानी बाजारात आलेली चार दारांची सेडान. लांबी ४३९५ मिलिमीटर, रुंदी १६१०, उंची १३८५. अंगलट इतकी चौकोनी की लोकांनी तिचे नाव ‘हाकोस्का’ पाडले. ‘हाको’ म्हणजे खोका आणि ‘स्का’ हा स्कायलाइनचा तुकडा. चाके साधी पोलादी, त्यांवर चकचकीत झाकण्याही नाहीत. पुढची जाळी काळी. रस्त्यावर शेजारून गेली तर कुणीतरी कचेरीतून घरी निघाले असावे, एवढेच वाटेल. मात्र ही गाडी ताशी २०० किलोमीटर वेग गाठत असे आणि तिची किंमत १५ लाख येन होती. अशा गाडीसाठी जपानीत एक वाक्प्रचार आहे, तो मराठीतही जसाच्या तसा चालतो : मेंढीचे कातडे पांघरलेला लांडगा.

लांडगा हे नाव खरे तर तिच्या थोरल्या बहिणीपासून चालत आले. १९६४ मध्ये सुझुका येथील दुसऱ्या जपान ग्रां प्रीसाठी प्रिन्स मोटर कंपनीने आपल्या छोट्या स्कायलाइनचे नाक २०० मिलिमीटर लांबवले आणि ग्लोरिया या मोठ्या गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन तिथे कोंबले. शर्यत पोर्शे ९०४ ने जिंकली. पण तेत्सु इकुझावा या चालकाने त्या पोर्शेला मागे टाकून एक फेरी आघाडी घेतली, आणि घरगुती सेडान जर्मन शर्यती गाडीच्या पुढे धावते आहे हे दृश्य जपान विसरला नाही. १९६६ मध्ये प्रिन्स कंपनी निस्सानमध्ये विलीन झाली, स्कायलाइनचे अभियंते शिनइचिरो साकुराई आणि त्यांचे सहकारीही तिकडे गेले. १९६८ च्या नव्या स्कायलाइनवर त्यांनी जुनाच डाव पुन्हा टाकला. चार सिलिंडरच्या १५०० मॉडेलच्या दोन चाकांमधले अंतर २४९० मिलिमीटर होते. सहा सिलिंडरच्या जीटीसाठी ते २६४० झाले. वाढ सगळी पुढे, नाकात.

जीटी-आरमध्ये एस-२० हे इंजिन बसवले. १९८९ सीसी, दोन कॅमशाफ्ट, चोवीस व्हॉल्व्ह, तीन मिकुनी-सोलेक्स कार्ब्युरेटर, मिनिटाला ७००० फेऱ्यांना १६० अश्वशक्ती. त्याचे मूळ प्रिन्सच्या आर-३८० या शर्यती गाडीत. डिकीत १०० लिटरची पेट्रोलची टाकी होती, म्हणजे सामानाची सोय काय असेल ते कळतेच. मे १९६९ मधल्या पहिल्याच शर्यतीत ती जिंकली आणि मार्च १९७२ पर्यंत विजयांचा आकडा ५० वर गेला. चार दारांच्या फक्त ८३२ गाड्या बनल्या. ऑक्टोबर १९७० मध्ये दोन दारांची हार्डटॉप आली, चाकांमधले अंतर ७० मिलिमीटरने कमी आणि मागच्या चाकांवर काळे जोडमडगार्ड असलेली. आज भिंतीवरच्या पोस्टरवर, खेळण्यांत आणि जुळवून बांधायच्या मॉडेल-किटच्या खोक्यांवर बहुतेक तीच दिसते.

किट म्हटले की वाट शिझुओकाकडे वळते. टोकियो आणि नागोयाच्या मधल्या या शहरात तामिया आणि आओशिमा या किट बनवणाऱ्या कंपन्या आहेत, फुजिमीही. हासेगावा शेजारच्या याइझु गावात. देवळांच्या बांधकामासाठी आलेले सुतार आणि लाखकाम करणारे इथे स्थायिक झाले, त्यातून लाकडी खेळणी आणि शाळांसाठीच्या लाकडी प्रतिकृती यांचा धंदा उभा राहिला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच लोकांनी प्लॅस्टिक हाती घेतले. तामियाची सुरुवात लाकडाच्या वखारीपासून. तिचे पहिले प्लॅस्टिक मॉडेल १९६० मधले, यामातो या युद्धनौकेचे. मोटारींसाठी इथे रुळलेले प्रमाण एकास चोवीस. पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरीन दाबून भरतात. बाहेर येते ती एक चौकट, तिला देठांनी लटकलेले सुटे भाग, आणि वेगळ्या पिशवीत गाडीचे सबंध कवच.

एकास चोवीस म्हणजे हाकोस्का १८३ मिलिमीटर लांब, ६७ रुंद, ५८ उंच. चाकांमधले अंतर बरोबर ११०. नाकाची ती प्रसिद्ध वाढ इथे सव्वासहा मिलिमीटर भरते, आणि चार दारांची व दोन दारांची यांच्यातला फरक तीन मिलिमीटरला जेमतेम. मोटारींच्या बऱ्याच किटमध्ये बॉनेट उघडत नाही, इंजिन दिलेलेच नसते. तळाला त्याची खालची बाजू उठवलेली असते, बस. तेव्हा चोवीस व्हॉल्व्ह गेले, कार्ब्युरेटर गेले, टाकी गेली. लांडगा साच्यातच राहिला आणि बांधणाऱ्याच्या हाती नुसते कातडे आले. शर्यती गाडीच्या मॉडेलवर आकडे, पट्टे, जाहिराती असतात. रंगात काही चुकले तर डोळा तिकडे वळवता येतो. इथे ती सोय नाही. वेग दाखवायचा तो दोन-तीन जागी, आणि त्या जागा मिलिमीटरच्या अपूर्णांकांत आहेत.

त्यातली पहिली जागा मागच्या मडगार्डावर. हाकोस्काच्या कुशीवरून मागच्या दिव्यांकडे एक धारदार घडी जाते, पॅन्टला इस्त्री केल्यावर पडते तशी. जपानी लोक तिला ‘सर्फिन लाइन’ म्हणतात. लाटेवरून पुढे सरकणारी रेघ. साध्या स्कायलाइनमध्ये ही रेघ मागच्या चाकावरून अखंड जाते, चाकाची कमान तिच्या खाली दबलेली असते. जीटी-आरला रुंद टायर हवे होते. म्हणून कमान वर कापली, आणि त्या कापात रेघ तुटली. चार दारांच्या जीटी-आरच्या अंगावर ‘मी वेगळी आहे’ असे सांगणारी पत्र्यातली खूण एवढीच. ज्याला माहीत आहे तो बिल्ले पाहत नाही, आधी मागच्या चाकाकडे पाहतो. सुंदर रेघ काढायची आणि टायरसाठी तीच कापायची, यात त्या कारखान्याचा सगळा स्वभाव आला.

प्लॅस्टिकमध्ये ही घडी टिकवणे अवघड असते, त्याला कारणे तीन. कवचाचा साचा अनेक तुकड्यांचा असतो. तुकडे मिळतात तिथे केसाएवढी उंच रेघ उमटते. साचे बनवणारे ती रेघ लपावी म्हणून अनेकदा एखाद्या घडीवरच नेऊन ठेवतात. ती घासून काढायला जावे तर घडीही बोथट होते. दुसरे कारण रंगाचे. ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो आणि खोबणीत साचतो. त्यामुळे माथ्यावर थर विरळ आणि घडीच्या पायथ्याशी जाड. तिसरे कारण पॉलिशचे : माथा उंच, म्हणून कापड सगळ्यात जास्त तिथेच घासते, आणि विरळ रंग आधी तिथेच उडून खालचे करडे प्रायमर दिसू लागते.

यावर सरावलेल्या हातांचा उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे. घडीच्या माथ्याला लागून वरच्या बाजूवर मास्किंग टेप लावायची आणि खालची बाजू ६०० नंबरच्या पेपरने टेपपर्यंत घासायची. पेपर बोटावर धरायचा नाही; सपाट पट्टीला चिकटवून घ्यायचा, कारण बोट मऊ असते आणि मऊ वस्तू धार खाते. मग टेप काढून खालच्या बाजूला लावायची आणि वरची बाजू घासायची. फटकारे घडीच्या दिशेने, आडवे कधीच नाहीत. पुढे १००० नंबरचा पेपर, मग प्रायमरचा एक पातळ हात, मग दिव्याखाली तिरपे धरून पाहणे. रेघ कुठे विरघळलेली दिसली की पुन्हा टेप. एका बाजूला संध्याकाळ जाते, आणि गाडीला बाजू दोन असतात.

दुसरी जागा म्हणजे गाडीची बैठक. मूळ गाडी जमिनीपासून १६० मिलिमीटर उंच उभी राहते, मॉडेलमध्ये पावणेसात. जपानमध्ये जुन्या गाड्या जमिनीला टेकवण्याची हौस मोठी, आणि अनेक किट तशीच बसकी बांधता येतात. दोन मिलिमीटर खाली आणली की गाडी एकदम आक्रमक दिसते. पण ते दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीचे ४८, आणि तेवढ्यात मेंढीचे कातडे उतरते. कारखान्यातून निघाली तशी बांधायची असेल तर ती किंचित पोक्त, किंचित उंच उभी राहिली पाहिजे. हा मोह टाळणारे फार थोडे दिसतात. चाकांचेही तेच : झगझगीत मिश्रधातूची चाके खोक्यात असली तरी खरी शोभा १४ इंची पोलादी चाकांना, म्हणजे मॉडेलमध्ये सुमारे १५ मिलिमीटरच्या राखाडी चकत्यांना.

यापुढचे सगळे काम अडचणींचेच आहे.

पहिली अडचण जाडीची. गाडीवरचा रंग साधारण ०.१ मिलिमीटर असतो. मॉडेलवर तेवढाच चढला तर प्रमाणात तो अडीच मिलिमीटरचा लेप होतो. दारांभोवतीच्या फटी खऱ्या गाडीत ५ मिलिमीटर धरल्या तर इथे ०.२. प्रायमर, रंग आणि पारदर्शक क्लिअर असे पाच-सहा हात बसले की ती फट बुजते आणि दार रंगवलेले दिसते, उघडणारे वाटत नाही. म्हणून रंगाच्या आधीच प्रत्येक फट सुईसारख्या हत्याराने खोल कोरून घ्यावी लागते. हत्यार एकदा घसरले की दारावर चरा. तो भरा, घासा, पुन्हा कोरा.

रंग चंदेरी घेतला तर आणखी पंचाईत. चंदेरी रंगातले धातूचे कण मॉडेलसाठी छोटे होत नाहीत, त्यामुळे स्वस्त डब्यातला रंग जवळून वाळूसारखा दिसतो. त्याखालचा पेपरचा बारीकसा ओरखडाही तो उचलून दाखवतो. शिवाय चंदेरी थर थेट पॉलिश करता येत नाही, कण उघडे पडून तिथे काळसर डाग येतो. आधी क्लिअरचे हात द्यावेच लागतात, आणि क्लिअर म्हणजे पुन्हा जाडी. हवा दमट असली तर लॅकर सुकताना त्यात बाष्प अडकून पांढरट धुरी धरते. जपानमध्ये जूनच्या ‘त्सुयु’ नावाच्या पावसाळी आठवड्यांत लोक रंगकाम थांबवतात. मुंबईत आणि कोकणात हे करणाऱ्याला तोच धडा चार महिने गिरवावा लागतो.

मग क्रोम. हाकोस्काचे बंपर आणि खिडक्यांच्या कडा चकचकीत. किटमधल्या मुलामा दिलेल्या भागांवर अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ थर असतो. तो आरशासारखा चमकतो, पण भाग देठापासून कापला की तिथे उघडे प्लॅस्टिक दिसते आणि साच्याची रेघ मुलाम्याखाली तशीच राहते. त्यामुळे कित्येक जण भाग क्लोरीनच्या घरगुती ब्लीचमध्ये बुडवून मुलामा काढूनच टाकतात, रेघ घासतात, वर तुकतुकीत काळा आणि त्यावर आरशाची चंदेरी शाई मारतात. खिडकीच्या कडा रंगवण्यापेक्षा चिकट धातूपर्णी लावणे बरे. ती पट्टीपेक्षा मोठी चिकटवायची, टूथपिकने कोपऱ्यांत दाबायची आणि कडेकडेने कापायची. पाते दर काही मिनिटांनी बदलावे लागते. बोथट पाते पर्णी कापत नाही, फाडते, आणि जास्त जोर दिला तर खालचा नुकताच पॉलिश केलेला रंगही कापते.

काचा शेवटी. पारदर्शक भाग एक मिलिमीटर जाड असेल तर प्रमाणात ती २४ मिलिमीटरची काच होते, बँकेच्या तिजोरीला शोभेल अशी. कड काळी केली की जाडी निम्मी लपते. सुपरग्लू इथे वापरायचा नाही : त्याच्या वाफेने काचेवर दूध सांडल्यासारखा थर येतो आणि तो पुसला जात नाही. पांढरा गोंद कमकुवत असतो, पण सुकल्यावर दिसत नाही. जाळीवरचा तांबडा बिल्ला दोन-तीन मिलिमीटरचा. त्याचे चित्र पाण्यात भिजवून कागदावरून सोडवायचे, आणि ते चिमट्याच्या टोकावर नेताना श्वास रोखला जातो.

सर्वांत शेवटी कवच तळावर बसवतात. त्यासाठी कवचाच्या बाजू थोड्या फाकवाव्या लागतात, आणि पर्णी लावलेल्या नाजूक कडा नेमक्या याच वेळी सुटतात. मग गाडी जाड काचेच्या तुकड्यावर ठेवायची आणि कागदाची एक पट्टी प्रत्येक चाकाखाली सरकवून पाहायची. तीन चाकांखाली ती अडते, चौथ्याखालून आरपार जाते. तळ तिथे किंचित पिळलेला असतो, किंवा आस अर्धा मिलिमीटर वर. कवच पुन्हा काढायचे, आस घासायची, बसवायचे, पट्टी सरकवायची. चौथ्या चाकाखालीही कागद अडला की बांधणी पूर्ण होते.