मनावरील ताण आणि शरीराचे स्वास्थ्य

पाऊस लांबलेला, कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला, मुलांच्या शिक्षणाचा खर्च वाढलेला. अशा विवंचनेतील माणूस दवाखान्यात जातो तो पुष्कळदा डोकेदुखी, छातीतील धडधड किंवा निद्रानाशाची तक्रार घेऊन. तपासणीत दोष आढळला नाही, की ‘हे सारे मनाचे खेळ’ म्हणून त्याची बोळवण होते. वस्तुतः त्याचे दुखणे खरे असते.

पाऊलवाटेवर साप आडवा आला, तर विचार करण्यापूर्वीच माणूस मागे सरतो. त्या क्षणी अनुकंपी मज्जासंस्था जागृत होते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, यकृतातील साखर रक्तात उतरते, रक्ताचा ओघ पचनेंद्रियांकडून स्नायूंकडे वळतो. झुंज अथवा पलायन यांसाठी शरीराने केलेली ही सिद्धता होय, असे अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात मांडले. संकट टळताच परानुकंपी मज्जासंस्था शरीराला पूर्वस्थितीवर आणते.

परंतु कर्ज किंवा कौटुंबिक कलह सापासारखा क्षणात निघून जात नाही. अशा वेळी मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला आणि ती अधिवृक्क ग्रंथींना सतत चेतवीत राहते व कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की आघात कोणताही असो, अधिवृक्क ग्रंथी सुजतात आणि रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसते. दीर्घकालीन ताणामुळे मनुष्याची झोप उडते, मान व पाठ आखडते, स्मरण व एकाग्रता मंदावते, रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो.

तथापि प्रत्येक व्याधीचे खापर ताणावर फोडणे योग्य नव्हे. जठरव्रण चिंतेमुळेच होतो, असा समज दीर्घकाळ होता. त्यामागे बहुधा एक जीवाणू असतो, हे सिद्ध करणाऱ्या मार्शल व वॉरेन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून छातीत दुखत असल्यास प्रथम वैद्यकीय तपासणीच केली पाहिजे.

नियमित झोप, चालण्याचा व्यायाम, संथ दीर्घ श्वसन आणि विश्वासाच्या माणसाजवळ मन मोकळे करणे, हे ताण हलका करण्याचे सुलभ उपाय होत. व्यसनाने मात्र तो वाढतोच. अधिक साहाय्याची गरज भासल्यास २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत उपचारही उपलब्ध आहेत.

गावात एखादा माणूस अबोल झाला, बैठकांना येईनासा झाला, एखादा विद्यार्थी वारंवार पोटदुखीने शाळा चुकवू लागला, तर ते सर्वप्रथम ध्यानात येते शिक्षकांच्या आणि पंचायत सदस्यांच्या. त्यांनी उपदेश न करता शांतपणे ऐकून घेतले आणि त्या व्यक्तीला आरोग्य केंद्रापर्यंत सोबत केली, तर पुढील मोठा अनर्थ टळू शकेल.